बायका कुठं बसायच्या?

आई उन्हाळ्यात माझ्याकडं ब्रिस्टलला आली होती. राजा राममोहन रॉय यांची समाधी बघायची हे तिनं कोल्हापुरातूनच ठरवून ठेवलेलं. ती शिक्षिका होती. सतीबंदीचा धडा तिनं वर्षानुवर्षं शिकवलेला, आणि तो माणूस लेकीच्या घरापासून बसच्या अंतरावर आहे हे कळल्यावर तिला राहवेना. एका शनिवारी आम्ही बाथ रोडवरच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत गेलो. दरवाजातून आत शिरल्यावर फार चालावं लागत नाही. झाडांमधल्या मोकळ्या जागेत ती छत्री उभी आहे, फिकट दगडाची, खांबांवर तोललेली, वर घुमट. पंचगंगेच्या काठावर सहज खपून जाईल अशी. आईनं हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग आम्ही आतल्या वाटेला लागलो तर समोरून नवरी येत होती. पांढराशुभ्र झगा, हातात फुलं, मागं झग्याचा घोळ सावरणाऱ्या मैत्रिणी, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कबरी. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "हितं लग्न लावतात होय गं?" लावतात, मी म्हटलं, तो मनोरा दिसतोय ना, त्या चॅपलमध्ये, म्हणजे निरोपाच्या प्रार्थनेसाठी बांधलेल्या खोलीत. ती पुढं काही बोलली नाही. पदर दुसऱ्या खांद्यावरून ओढून घेतला आणि नवरी पार दिसेनाशी होईपर्यंत वाटेच्या कडेला थांबून राहिली.

नंतर मी तिला दुसऱ्या चॅपलमध्ये नेलं. आर्नोस व्हेलला दोन चॅपल आहेत. मनोऱ्याचं ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या पंथाचं. हे दुसरं ग्रीक देवळाच्या घडणीचं आहे. समोर माथ्याला गुंडाळ्या असलेले आयोनिक खांब, खांबांवर त्रिकोणी माथा, मागं साधीसुधी आयताकृती खोली. आता तिथं या जागेच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, आणि तळघरात एकेकाळच्या दहनभट्ट्या जपून ठेवल्या आहेत. बाहेर ऊन होतं, आत शिरल्याबरोबर दगडाचा गारवा अंगाला लागला. आईनं चहा नको म्हटलं. इथलं पाणीही तिच्या घशाखाली उतरलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण खाली भट्ट्या आहेत हे कळल्यावरही ती बाहेर पडली नाही. एका बाजूला बसायला जागा होती, तिथं जाऊन बसली. वर छताकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग भिंतींकडं. मला वाटलं, आता म्हणेल, चल, घरी जाऊन आंघोळ करू.

"बायका कुठं बसायच्या?"

एवढंच विचारलं तिनं. बसमध्ये पुन्हा विषय काढला नाही. घरी आल्यावर आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला, भात टाकला. प्रश्न मात्र माझ्याकडं राहिला. त्या चॅपलांबद्दल मी बरंच वाचलेलं होतं. आर्किटेक्टचं नाव, खांबांचा प्रकार, दगड, सगळं तिला सांगून झालं होतं. आणि तिनं नेमकं ते विचारलं जे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. इमारत कुणासाठी बांधली हे आपण विचारतो. त्या इमारतीत कोण कुठं बसत होतं हे फारसं कुणी विचारत नाही. मला तेव्हापासून ही चॅपलं आईच्या जागेवरून बघायची सवय लागली आहे.

कुणासाठी बांधली, याचं उत्तर तसं सोपं आहे. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या शहरांत चर्चची आवारं प्रेतांनी भरून गेली होती. १८३२ साली ब्रिस्टलमध्ये कॉलरा येऊन गेला. नव्या दफनभूम्या शहराबाहेर हव्यात हे सगळ्यांना पटलं, आणि त्या काढल्या कंपन्यांनी, शेअर विकून. ब्रिस्टल जनरल सेमेटरी कंपनीला १८३७ साली संसदेच्या कायद्यानं परवानगी मिळाली. त्याच साली व्हिक्टोरिया गादीवर आली. १८३९ मध्ये दफनं सुरू झाली. चार्ल्स अंडरवुड या आर्किटेक्टनं दरवाजाजवळची दोन बुटकी भक्कम घरं डोरिक, म्हणजे साध्या जाड खांबांच्या ग्रीक धाटणीत बांधली, एक चॅपल आयोनिक, आणि दुसरं इटलीतल्या चर्चच्या वळणाचं, घंटेच्या मनोऱ्यासकट. टोकदार कमानींची गॉथिक शैली दफनभूम्यांत सगळीकडं पसरली ती नंतर. तोवर मरणाचं घर ग्रीक किंवा रोमन असावं असाच सूर होता. टेकडीच्या उतारावर पंचेचाळीस एकर बाग, बागेत वळणावळणाच्या वाटा आणि हिरवाईतून मधेच डोकावणारे खांब: अंडरवुडनं प्राचीन ग्रीकांचं स्मशान डोळ्यांपुढं ठेवलं होतं हे आजही कळतं.

पण चॅपल दोन का? तर मेल्यानंतरही सगळ्यांनी एका दारातून आत येणं तेव्हा कुणाला मान्य नव्हतं. दफनभूमीचा एक भाग बिशप येऊन पवित्र करून जात असे, तो अँग्लिकन मंडळींचा. उरलेली जमीन बॅप्टिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, मेथॉडिस्ट, म्हणजे ज्यांनी राजमान्य चर्चची वाट सोडली त्या सगळ्यांची. ब्रिस्टलमध्ये असे लोक काही कमी नव्हते; जॉन वेस्लीनं मेथॉडिस्टांची पहिली प्रार्थनाशाळा १७३९ मध्ये याच शहरात उभी केली होती. गावातल्या चर्चच्या आवारात या लोकांना आपल्या पद्धतीचा विधी करता येत नसे, अगदी १८८०चा कायदा होईपर्यंत. बाप्तिस्मा न झालेलं मूल गेलं तर पाद्री प्रार्थना म्हणायलाही नकार देऊ शकत असे. त्यामुळं कंपनीच्या दफनभूमीतलं ते साधं आयोनिक चॅपल म्हणजे या लोकांसाठी फार मोठी गोष्ट होती. इथं त्यांचा माणूस त्यांच्या शब्दांत निरोप घेऊ शकत होता. भेद होता, पण त्या भेदानंच त्यांना छप्पर दिलं. मला या गोष्टीचा राग येतो आणि त्याच वेळी ते छप्पर आवडतंही.

पुढं १८५०च्या दशकात कायदे झाले, गावोगावी दफनमंडळं आली आणि जुळ्या चॅपलांची टूम निघाली. अगदी एकसारख्या दोन खोल्या, मधे कमान, कमानीवर उंच मनोरा. प्रेताची गाडी कमानीखाली यायची आणि पंथाप्रमाणं डावीकडं किंवा उजवीकडं वळायची. इंग्लंडभर अशी जोडचॅपलं आजही दिसतात. कारागीर तेच, दगड तोच, खिडक्या त्याच, फक्त मधे एक रेषा. लंडनमधल्या ॲब्नी पार्कला मात्र विल्यम हॉस्किंगनं १८४० मध्ये एकच चॅपल बांधलं. तिथली जमीन कुठल्याच बिशपकडून पवित्र करून घेतली नाही, आणि कुठल्याही पंथाचा माणूस त्याच एका दारातून आत येई. त्या चॅपलसमोर मी उभी राहिले आहे. मनोरा उंच आहे, विटांचा रंग थकलेला आहे, आणि देखणेपणात ते आर्नोस व्हेलच्या जवळपासही येत नाही. तरी ते दार एकच आहे हे कळल्यावर तिथून पाय निघत नव्हता.

दफनभूमीतलं चॅपल हे चर्च नसतं. तिथं रविवारची प्रार्थना नाही, नित्याची पूजा नाही, बाप्तिस्मा नाही. कुणीही तिथं राहायला येत नाही. अर्धा तास, पाऊण तास, बस्स. आपल्याकडं तिरडी स्मशानाच्या वाटेवर एकदा खाली ठेवतात, विसावा देतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढं निघतात. चॅपल हे मला दगडात बांधलेल्या त्या विसाव्यागत वाटतं. घर मागं राहिलं आहे, माती अजून यायची आहे, आणि मधे ही थांबण्याची जागा. आर्किटेक्टला सोडवायचे प्रश्नही तसलेच असतात. पेटी खांद्यावरून आत आणताना वळावं लागू नये म्हणून दार रुंद. पावसात ताटकळणाऱ्यांसाठी खांबांची खोल ओसरी. पेटी मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. उजेड वरून यावा, रडणाऱ्याच्या तोंडावर थेट पडू नये. लंडनच्या केन्सल ग्रीनमध्ये तर १८३७च्या सुमाराला बांधलेल्या डोरिक चॅपलच्या जमिनीतच लिफ्ट आहे. प्रार्थना संपली की पेटी पाण्याच्या दाबावर हळूहळू खाली उतरते, तळघरातल्या कोनाड्यांकडं. राममोहन रॉय यांची छत्री उभी करणारे द्वारकानाथ टागोर त्याच दफनभूमीत आहेत, १८४६ पासून.

हे सगळं खरं, पण बायका?

व्हिक्टोरियन काळातल्या सुखवस्तू घरांत बायका बहुधा अंत्यविधीला जातच नसत. बाईमाणसाला दुःख आवरणार नाही, चारचौघांत शोभा होईल, असं मानलं जाई. पुरुष पेटीमागून चालत जायचे; बायका घरी, पडदे ओढलेल्या खोलीत, काळा क्रेप नेसून. गरीब घरांतल्या बायका जात, त्यांना असली बंधनं परवडत नव्हती. राजघराण्याचीही तीच तऱ्हा. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेला, विंडसरला त्याचा अंत्यविधी झाला, आणि व्हिक्टोरिया तिथं नव्हती. ती ऑसबर्नला निघून गेली होती. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं तिनं काळे कपडे उतरवले नाहीत. ज्या राणीच्या नावानं आपण त्या साऱ्या काळाला, त्या चॅपलांना, त्या खांबांना ओळखतो, तीच नवऱ्याला पोचवायला गेली नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अंडरवुडनं बाकं मांडली असतील तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर टोप्या काढून हातात धरलेले पुरुषच असणार.

बाबा गेले ते पावसाळ्यात. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दादानं अग्नी दिला, पंचगंगेच्या स्मशानात, शेणींवर. कोल्हापुरात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, आणि त्या शेणी लोक देतात. होळीला तालमी-मंडळं गोळा करून स्मशानात पोचवतात. या गोष्टीचा मला फार अभिमान आहे. पण आई तिथं गेली नव्हती. कुणी अडवलं असंही नाही. बायका दारापर्यंत आल्या, तिरडी उचलली, गल्लीच्या तोंडापर्यंत हंबरडा गेला, आणि मग बायका परत आत. घर धुतलं, बाबांना जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावला, दिव्याखाली पीठ पसरलं. पुरुष ओल्या अंगानं परत आले, दिव्याचं दर्शन घेऊन आपापल्या घरी गेले. आई त्या दिव्यापाशी बसून होती. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचा तो तास तिला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागला: पाऊस होता, पण पेटलं लवकर; कावळा नंतर शिवला; भटजी चांगले होते. चॅपलमध्ये ती इतका वेळ का बसली ते मला नंतर उमगलं. असल्या कामासाठी बांधलेल्या खोलीत तिला तोवर कधी कुणी नेलंच नव्हतं.

आणि ती आली होती राममोहन रॉय यांना भेटायला, हेही मला विसरता येत नाही. आपल्याकडं बाईला स्मशानाची वाट मोकळी होती ती एकाच कारणासाठी. कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही जुन्या देवळामागं जा, सतीशिळा सापडते: काटकोनात वर केलेला बांगड्यांचा हात, वर चंद्र-सूर्य. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खायचो. थेऊरला रमाबाई पेशवे सती गेल्या त्या जागेला लोक आजही हात जोडतात. नवऱ्याच्या चितेजवळ उभं राहायला बाईला मज्जाव, चितेवर चढायला मात्र वाजतगाजत. १८२९ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकनं सतीबंदीचा कायदा केला, १८३२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या पायरीनं, त्याविरुद्धचं अपील फेटाळलं, तेव्हा राममोहन तिथंच होते, वाट बघत. पुढच्याच वर्षी, २७ सप्टेंबर १८३३ रोजी, ते ब्रिस्टलच्या स्टेपल्टनमध्ये तापानं गेले. त्यांना ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचं नव्हतं. तसं झालं तर मुलांच्या वारसाहक्कावर संकट येईल ही भीती. म्हणून स्टेपल्टन ग्रोव्हच्या बागेत, झाडांखाली, कुठलाही विधी न करता त्यांना मातीत ठेवलं. एवढा बोलका माणूस, आणि निरोपाला शब्द नाहीत. दहा वर्षांनी, १८४३ मध्ये, त्यांना आर्नोस व्हेलला आणलं. द्वारकानाथांनी खर्च केला, विल्यम प्रिन्सेपनं छत्रीचा आराखडा काढला. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचा हा भाऊ.

त्या छत्रीला भिंती नाहीत. आत बसायला जागा नाही, दार नाही, त्यामुळं कुणाचं दार हा प्रश्नच नाही. चारी बाजूंनी वारा. अंडरवुडच्या दोन चॅपलांना वाटणी करावी लागली. छत्रीला करावी लागली नाही. पण एक खरं, छत्रीखाली कुणी एकत्र जमून रडलेलं नाही. ती आठवणीची जागा आहे, निरोपाची नाही. परदेशात आपल्या माणसांसाठी उभ्या राहिलेल्या छत्र्या मी शोधत असते. फ्लॉरेन्सला एक आहे, ती तर आमचीच. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथं वारले, अवघ्या विसाव्या वर्षी. शहरानं खास परवानगी दिली, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथं छत्री उभारली, तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. ब्रायटनजवळच्या टेकडीवर तिसरी. पहिल्या महायुद्धात तिथल्या इस्पितळांत गेलेल्या त्रेपन्न हिंदू-शीख शिपायांचं दहन त्या जागी झालं. १९२१ मध्ये उघडलेल्या त्या छत्रीचं चित्र काढलं होतं मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या आर्किटेक्टनं. संगमावर, टेकडीवर, उघड्यावर. भिंतींच्या आत इंग्लंडमध्ये आग आली ती वेगळ्या वाटेनं.

वोकिंगला १८८५ मध्ये आधुनिक इंग्लंडमधलं पहिलं रीतसर दहन झालं. भट्टी काही वर्षं आधीच बांधून तयार होती, पण लोक खवळले म्हणून थंड पडून राहिली. पुढं तिच्याशेजारी गॉथिक चॅपल उठलं. मग १९०२चा दहनाचा कायदा आला, त्याच साली लंडनला गोल्डर्स ग्रीनचं दहनगृह. तिथं लाल विटांचा सुंदर इटालियन मनोरा आहे, घंटेचा वाटावा असा, आणि त्याच्या आत धुराडं आहे. धूर दिसू नये, धुराडं धुराडं वाटू नये, यासाठी केवढी कल्पकता! आमच्याकडं धूर म्हणजे साक्ष. नदीपलीकडून दिसला की माणसं म्हणतात, झालं बघ. आर्नोस व्हेलला आग १९२८ मध्ये आली, इंग्लंडच्या पश्चिम भागातली पहिली. आणि ती ठेवली ग्रीक खांबांच्या त्या चॅपलखाली, राजमान्य चर्च सोडलेल्यांच्या चॅपलखाली. हा निर्णय सोयीनं झाला असेल. तरी मला त्यात एक अर्थ दिसतो, आणि तो मी सोडायला तयार नाही. ज्या खोलीनं आधी वाट सोडलेल्यांना घेतलं, तिनंच आगीलाही घेतलं.

माझ्या आयुष्यातलं पहिलं स्मशान इंग्लंडमधलंच. आमच्या मंडळातल्या एका काकू गेल्या, इथल्याच एका क्रिमेटोरियमला आम्ही जमलो. मी पुढून दुसऱ्या रांगेत बसले होते. लहानपणापासून ज्याची भीती घातली त्या जागेत मी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसले होते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पेटीत काकूंच्या अंगावर हिरवी पैठणी. तुळस, गंगाजल, गुरुजींचा आवाज ध्वनिक्षेपकातून. वेळ ठरलेली, कारण बाहेर पुढचं कुटुंब येऊन थांबलेलं. मग पडदा सरकला, आणि त्यांच्या लेकीला आत बोलावलं. तिनं बटण दाबलं. लेकीनं. ना मडकं, ना खांदा, ना तडतडणाऱ्या शेणींचा वास, एक बटण. परत येताना गाडीत मी रडले, आणि कशासाठी रडते आहे हे मला नीट सांगता येत नव्हतं. काकू गेल्याचं होतं. आग न दिसल्याचं होतं. आणि लेक आत गेली, माझी आई गेली नव्हती, याचंही होतंच.

न्यूकॅसलचे दवेंदर घई यांनी उघड्या चितेसाठी कोर्टात लढा दिला तेव्हा मी रोज बातम्या शोधायचे. २०१० मध्ये अपील कोर्टानं जे सांगितलं ते फार मोलाचं वाटतं. कायद्यात लिहिलंय की दहन 'इमारतीत' व्हावं, पण इमारत म्हणजे चारी बाजूंनी बंदच असली पाहिजे असं कुठं आहे? भिंती असाव्यात, छताला उघडं असावं, ऊन आत यावं, धूर वर जावा, आणि तरी ती इमारतच. म्हणजे आग आणि आभाळ यांच्यात छप्पर आडवं यायला नको. पण माणसांवर ते असावं. थांबणाऱ्यांवर, बसणाऱ्यांवर, म्हाताऱ्यांवर. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चॅपलांना हे दुसरं फार चांगलं कळलं होतं.

आर्नोस व्हेल मधे जवळजवळ गेलंच होतं. १९९८ मध्ये दहनं बंद पडली, दरवाजाला कुलूप लागायची वेळ आली. आयव्हीनं कबरी गिळल्या, ॲशची झाडं दगड फोडून वर आली, चॅपलांच्या छतातून पाणी गळायला लागलं. तेव्हा आसपासच्या लोकांनी पाळ्या लावून दरवाजा उघडा ठेवला. ज्यांचं कुणी तिथं पुरलेलंही नव्हतं असे लोकही होते त्यांत. २००३ मध्ये महापालिकेनं जागा ताब्यात घेतली, लॉटरी फंडाचा पैसा आला, दुरुस्ती होऊन २०१० मध्ये चॅपलं पुन्हा उघडली. राममोहनांची छत्रीही त्याच सुमाराला नीट केली. आणि ही सगळी जागा राखायला पैसा लागतो, म्हणून लग्नं. अँग्लिकन चॅपलमध्ये आज कुठल्याही पंथाची, कुठल्याच पंथाची नसलेली जोडपी उभी राहतात. मनोऱ्याखाली हशा ऐकू येतो, शॅम्पेनचं बूच उडतं, तिथून थोड्या अंतरावर मेरी कार्पेंटर झोपलेली आहे. मुलींच्या शिक्षणासाठी चार वेळा हिंदुस्थानात आलेली, लग्न न केलेली ही युनिटेरियन बाई. मुंबईलाही येऊन गेली होती. मला ती नवरी बघून आनंद झाला होता. आईला झाला नव्हता. तिला अजूनही ते पटलेलं नाही, आणि पटावं असा माझा हट्ट नाही. अशुभ म्हणजे काय हे तिनं माझ्याहून जास्त जवळून पाहिलं आहे.

परत गेल्यावर मात्र तिनं एक केलं. होळीला गल्लीतल्या पोरांनी शेणी गोळा केल्या, तेव्हा टेम्पोबरोबर ती स्वतः गेली, स्मशानाच्या दरवाजापर्यंत आणि मग आतही. कुणी काही बोललं नाही म्हणे. एक-दोघींनी विचारलं, ताई, तुम्ही इकडं कशा? तर म्हणाली, बघायला आले. फोनवर तिनं मला सगळं वर्णन केलं: शेड, ओटे, राखेचा वास, भिंतीकडेला उभी राहिलेली माणसं. बसायला पुरेशी जागा नाही हे तिनं दोनदा सांगितलं. २०१९ आणि २०२१ मध्ये पुराचं पाणी तिथं शिरलं होतं, ती खूणही कुणीतरी तिला दाखवली. मग म्हणाली, तुझ्या त्या चॅपलचे फोटो पाठव. आतले नकोत, बाहेरचे, ती ओसरी दिसेल असे. मंडळातल्या पोरांना दाखवते, एकाचा भाऊ आर्किटेक्ट आहे.

मी जाऊन फोटो काढले. खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं, ओसरी किती खोल आहे ते मोजलं, पायरीची उंची वीतभर धरून लिहून घेतली. तिथं उभं राहून मला वाटलं की अंडरवुडची ओसरी कोल्हापूरला जशीच्या तशी चालणार नाही. ब्रिस्टलचा पाऊस बारीक, सरळ पडणारा. आमचा आषाढातला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. असल्या उंच खांबांमधून तो भिंतीपर्यंत पोचेल आणि बसलेली सगळी माणसं भिजतील. आईला मी तसंच कळवलं. छप्पर वाड्याच्या सोप्यासारखं खाली ओढलेलं हवं, जोतं पुराच्या खुणेपेक्षा वर, बाक भिंतीलगत आणि पश्चिमेकडं पाठ करून, म्हणजे बसल्या जागेवरून आग दिसेल.